लाल किल्ल्यातली हिरवळ मोगलांची नाही

दिल्लीचा लाल किल्ला पाहून आलेल्या माणसाच्या मनात एक चित्र पक्के बसलेले असते. लाहोरी दरवाजातून आत शिरायचे, छत्ता बाजारातली दुकाने ओलांडायची, की समोर मोकळे मैदान लागते. त्यात नीट कापलेले गवत आणि गवतात अंतराअंतरावर उभ्या असलेल्या देखण्या इमारती: नक्कारखाना, दिवाण-ए-आम, रंगमहाल, खास महाल, दिवाण-ए-खास, मोती मशीद आणि उत्तरेच्या टोकाला सावन व भादों हे दोन संगमरवरी मंडप. मोगल बादशहा ऐसपैस बागेत सुटे मंडप बांधून राहत, असा निष्कर्ष पाहणारा आपोआप काढतो. मग वाटाड्या त्यात भर घालतो. इथे मयूरासन होते, ते नादिरशहाने नेले. इथे चांदीचे छत होते, ते मराठ्यांनी काढले. बाकीचे जाट-रोहिल्यांनी लुटले. वाडा असा ओकाबोका झाला आणि पुढे इंग्रजांनी तो दुरुस्त करून बाग फुलवली. शाळेच्या सहलीपासून जाणत्या लेखकांच्या प्रवासवर्णनांपर्यंत हीच हकिगत थोड्याफार फरकाने सांगितली जाते.

या समजुतीत दोन विधाने आहेत. हिरवळीवर सुटे मंडप हीच राजवाड्याची मूळ रचना होती, हे पहिले. वाडा आज रिकामा दिसतो तो अठराव्या शतकातल्या लुटीमुळे, हे दुसरे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. आज जिथे गवत आहे तिथे बहुतेक ठिकाणी चौक, ओवऱ्या, दालने आणि भिंती होत्या. १८५७ नंतर इंग्रज फौजेने त्या पाडल्या आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी त्या जागेवर गवत लावले. आपण मोगल बाग समजून जिचे फोटो काढतो, ती बव्हंशी पाडापाडीने मोकळी झालेली जमीन आहे. याला अपवाद आहे तो उत्तरेकडच्या हयात बख्श बागेचा. ती खरोखर बाग होती, पण तिच्याही नशिबी काय आले ते पुढे पाहू.

आधी नक्कारखाना घ्या. आज तो चारी बाजूंनी मोकळा उभा आहे. त्याच्या कमानीतून नजर जाते तशीच बाजूच्या गवतावरूनही ती थेट दिवाण-ए-आमपर्यंत पोचते. ज्याच्या दोन्ही अंगांना भिंत नाही असा दरवाजा कुणी का बांधेल, हा प्रश्न तिथे उभे राहून पडायला हवा. नक्कारखाना हा दोन बंदिस्त चौकांमधला दरवाजा होता. त्याच्या पश्चिमेला बाहेरचा चौक आणि पूर्वेला दरबाराचा चौक. राजघराण्यातल्या पुरुषांखेरीज इतर सगळ्यांना इथे घोड्यावरून, हत्तीवरून, पालखीतून उतरून पुढे पायी जावे लागे. बंदिस्त चौकाशिवाय या रिवाजाला काही अर्थच उरत नाही. उघड्या मैदानात कोण कुठे उतरणार आणि कोण त्याला अडवणार?

त्या दारातून आत गेल्यावर लागणारा दरबाराचा चौक सुमारे ५४० फूट रुंद आणि ४२० फूट खोल होता, म्हणजे पाच एकरांहून मोठा. त्याच्या भोवताली कमानदार ओवऱ्या होत्या आणि पहाऱ्याची पाळी असलेले अमीर-उमराव तिथे बसत. औरंगजेबाच्या काळात दिल्लीत राहिलेला फ्रेंच वैद्य बर्निये याने या ओवऱ्यांचे वर्णन केले आहे. उत्सवाच्या वेळी एकेका उमरावाने एकेक ओवरी स्वतःच्या खर्चाने किनखापाने आणि गालिच्यांनी मढवायची, असा बादशहाचा हुकूम असे. दिवाण-ए-आम हे या चौकाचे पूर्वेकडचे दालन. आज आपण त्याला एक स्वतंत्र इमारत म्हणून पाहतो. प्रत्यक्षात तो एका मोठ्या रचनेचा चौथा भाग आहे आणि बाकीच्या तिन्ही बाजू गेल्या आहेत.

दिवाण-ए-आमच्या खांबांजवळ जाऊन पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. लाल दगड उघडा पडलेला आहे आणि आपल्याला तो तसाच सुंदर वाटतो. पण हा दगड कधी दिसावा अशी बांधणाऱ्यांची इच्छाच नव्हती. त्यावर पांढऱ्याशुभ्र चुन्याचा घोटीव गिलावा होता आणि त्यावर सोनेरी नक्षी होती. लांबून पाहणाऱ्याला तो संगमरवरच वाटे. शाहजहानच्या दिवाण-ए-आमचा रंग पांढरा होता. आपण ज्या लालीवर भाळतो ती गिलावा गेल्यानंतर उघडी पडलेली दगडाची कातडी आहे.

तिथून दक्षिणेकडे वळले की गवताचा विस्तार आणखी वाढतो आणि गवतापलीकडे दगडी बराकी दिसतात. इथे जनानखाना होता. जेम्स फर्ग्युसन या स्थापत्याच्या इतिहासकाराकडे देशी कारागिराने काढलेला राजवाड्याचा जुना नकाशा होता. त्यावरून त्याने हिशेब मांडला की एकट्या जनानखान्याचा आणि खासगी महालांचा पसारा प्रत्येक बाजूने सुमारे हजार फूट होता. त्यात बागेचे तीन चौक आणि शिवाय तेरा-चौदा लहानमोठे चौक होते. युरोपातल्या कुठल्याही राजवाड्याच्या दुप्पटीहून ही जागा मोठी भरते, असे त्याने १८७६ च्या आपल्या ग्रंथात लिहिले. उरलेल्या इमारतींबद्दल त्याचे म्हणणे असे की जोडणारे चौक आणि पडव्या गेल्यावर त्यांचा अर्थ गेला आणि निम्म्याहून अधिक सौंदर्यही गेले. हे लिहिणारा माणूस ब्रिटिशच होता आणि आपल्याच सरकारच्या फौजेविषयी लिहीत होता. पाडण्याआधी नकाशा काढण्याचेही कष्ट कुणी घेतले नाहीत, याचा त्याला झालेला संताप त्याच्या पानापानांतून दिसतो.

रंगमहाल, खास महाल, दिवाण-ए-खास आणि हमाम हे सगळे पूर्वेच्या तटाला लागून एका ओळीत उभे आहेत, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. जे वाचले ते नदीकाठचे. या प्रत्येक महालाचे एक तोंड यमुनेकडे आणि दुसरे आपापल्या चौकाकडे होते. दोन्ही तोंडांचे समोरचे दृश्य आज गेले आहे. पूर्वेला तटाखालून वाहणारी नदी दूर सरकली आणि तिच्या जागी वाहनांनी गजबजलेला रिंग रोड आला. पश्चिमेचे चौक जमीनदोस्त झाले. रंगमहालाच्या मधोमध संगमरवरात कोरलेले कमळाचे पात्र आहे. त्याच्या पाकळ्या इतक्या उथळ आणि हलक्या हाताने कोरल्या आहेत की वरून पाणी थरथरत गेले की पाकळ्याच हलल्यासारख्या वाटाव्यात. आज ते कोरडे आहे. त्यात येणारे पाणी ‘नहर-ए-बिहिश्त’ या पाटाचे. तो उत्तरेच्या शाह बुर्जापासून निघून हमाम, दिवाण-ए-खास आणि खास महाल यांच्या पोटातून वाहत इथे येई. खास महालात न्यायाचा तराजू कोरलेली जी प्रसिद्ध संगमरवरी जाळी आहे, तिच्या खालूनही हाच पाट जातो. या सगळ्या इमारती पाण्याच्या एका धाग्यात ओवलेल्या होत्या, आणि आपण त्यांना एकेकट्या पाहून प्रत्येकीसमोर फोटो काढतो.

आता हयात बख्श बागेकडे येऊ. किल्ल्याच्या ईशान्य भागातली ही बाग शाहजहानच्या राजवाड्यातली सर्वांत मोठी. चौरस आखणी, मधे प्रचंड हौद, चार दिशांना पाण्याचे पाट आणि उत्तर-दक्षिण टोकांना समोरासमोर सावन आणि भादों. पावसाळ्याच्या दोन महिन्यांची नावे मंडपांना दिली त्याला कारण होते. दोन्ही मंडपांत पाट येऊन मिळे आणि पाणी पुढच्या हौदात पडद्यासारखे कोसळे. त्या पडद्यामागच्या संगमरवरी भिंतीत ओळीने लहान लहान कमानदार कोनाडे कोरलेले आहेत. कोनाडा इतकाच की त्यात एक फुलदाणी किंवा एक दिवा मावावा. दिवसा त्यांत सोन्याच्या फुलदाण्या ठेवत, रात्री मेणबत्त्या लावत. वरून पडणाऱ्या पाण्यातून त्या ज्योती दिसत, म्हणजे कोरड्या वैशाखातही या दोन मंडपांत श्रावण-भाद्रपद उतरे. हौदाविषयी जुनी वर्णने सांगतात की त्याच्या मध्यभागी चांदीची ४९ कारंजी होती आणि काठाने आणखी ११२. बागेच्या पश्चिमेला तिच्याच जोडीची मेहताब बाग होती. पूर्वेला नदीच्या अंगाला मोती महाल हा मंडप होता.

यातले आज काय आहे? सावन आणि भादों आहेत, त्यांचे कोनाडेही आहेत. मेहताब बाग पूर्ण गेली. तिच्या जागी बराकी आल्या. हयात बख्श बागेच्या जमिनीवरही लष्करी बांधकामे आणि रस्ते आले. मोती महाल १८५७ नंतर पाडला. हौदाचा उपयोग गोऱ्या शिपायांनी पोहण्याच्या तलावासारखा केला. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्व खात्याने भर उपसून या बागेचा पूर्वेकडचा भाग जुन्या पातळीपर्यंत उघडा केला, म्हणून आज निदान हौदाचा आकार तरी कळतो.

हौदाच्या मधोमध लाल दगडाची जी इमारत आहे ती झफर महाल. तो शेवटचा बादशहा बहादुरशहा झफर याने १८४२ मध्ये बांधला. जवळचा हिरा महाल हा छोटासा संगमरवरी मंडपही त्याचाच, त्याच वर्षीचा. मला या दोन इमारती फार महत्त्वाच्या वाटतात. कंपनी सरकारच्या महिना एक लाखाच्या तनख्यावर अख्खे घराणे पोसणारा, स्वतःच्या किल्ल्याबाहेर ज्याची सत्ता चालत नव्हती असा हा म्हातारा माणूस आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या बागेत नवे मंडप उभारत होता. झफर महालाला लाल दगड आहे, कारण एवढ्या मोठ्या इमारतीला संगमरवर त्याला परवडला नसणार. कारागिरीत शाहजहानच्या काळची नजाकत नाही. पण ज्या बागेत १८४२ मध्ये बांधकाम चालू आहे, ती बाग १७३९ मध्ये नादिरशहाबरोबर किंवा १७६० मध्ये मराठ्यांबरोबर संपली असे म्हणता येत नाही.

याहून बोलका पुरावा चित्रांचा आहे. मजहर अली खान या दिल्लीच्या चित्रकाराने १८४६ मध्ये लाहोरी दरवाजाच्या माथ्यावर बसून चहूबाजूंचा देखावा रंगवला. हे जलरंगातले चित्र सुमारे पाच मीटर लांब आहे आणि आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात एका दिशेला चांदणी चौक आणि जामा मशीद दिसते आणि दुसऱ्या दिशेला राजवाड्याचा अंतर्भाग. छपरांमागे छपरे, भिंतींमागे चौक, मधून झाडांचे शेंडे. सय्यद अहमद खान यांनी १८४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आसार-उस-सनादीद’मध्ये दिल्लीच्या इमारतींची नोंद आहे, आणि तीत राजवाड्यातल्या इमारती एकामागून एक येतात. नादिरशहाला जाऊन तेव्हा शंभर वर्षे उलटली होती, १७६० मध्ये मराठी फौज घेऊन आलेल्या सदाशिवरावभाऊंना जाऊन पंच्याऐंशी. तरीही वाडा उभा होता. जीर्ण होता, मळला होता, गजबजलेला होता, पण उभा होता.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा समोर येतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर १८२४ च्या अखेरीस अकबरशहा दुसरा याच्या भेटीला राजवाड्यात गेला. त्याने जे पाहिले ते विदारक होते. बाग ओसाड, कारंजी कोरडी, जडावाच्या फरशीवर माळ्यांचा केरकचरा, भिंतींवर पाखरांची आणि वटवाघळांची घाण. वाड्याच्या एका भागात ‘सलातीन’ म्हणवले जाणारे जुन्या बादशहांचे वंशज राहत. ते दोन हजारांवर होते आणि भिंतींआड कुडामातीच्या झोपड्यांत जेमतेम पोट भरत होते. तेव्हा, प्रतिपक्ष म्हणतो, इंग्रजांनी पाडले ते असेही मेलेलेच होते.

हे वर्णन खोटे आहे असे मी म्हणत नाही. हेबर डोळस होता आणि सहृदयही. पण केर लोटता येतो, पाट उपसता येतो, भिंत पुन्हा चुन्याने सारवता येते. दिल्लीला पाणी आणणारा अली मर्दान खानाचा कालवा अठराव्या शतकात गाळाने बुजला होता; तोच कालवा इंग्रजांनीच १८२० मध्ये पुन्हा वाहता केला. म्हणजे बुजलेले उघडता येते हे त्यांना ठाऊक होते, करूनही झाले होते. शिवाय झोपड्या हलवायच्या होत्या म्हणून दगडी चौक पाडावे लागले, हे तर्कालाही धरून नाही. हेबरने अवकळा पाहिली. अवकळा आलेल्या त्या इमारती त्याच्यासमोर उभ्या होत्या. पाडल्यानंतर अवकळा यायलाही काही शिल्लक राहत नाही.

आता लुटीचा हिशेब. नादिरशहाने १७३९ मध्ये मयूरासन, जडजवाहीर आणि अमाप द्रव्य नेले. नेता येण्यासारखे होते ते नेले. चौक आणि भिंती इराणला नेता येत नाहीत. दिल्लीच्या रहिवाशांची त्याने जी कत्तल केली ती भयंकर होती, पण राजवाड्याची इमारत त्याने पाडली नाही. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने बादशहा शाह आलमचे डोळे काढले आणि पुरलेल्या खजिन्याच्या हव्यासापोटी महालांच्या फरशा खणल्या. ते कृत्य राक्षसी होते. महादजी शिंद्यांच्या फौजांनी त्याला हुसकावून लावले आणि आंधळा बादशहा पुन्हा तख्तावर बसला. त्यानंतर १८०३ पर्यंत हा किल्ला शिंद्यांच्या ताब्यात होता, ही गोष्ट दिल्लीतले वाटाडे कधी सांगत नाहीत.

आणि भाऊसाहेबांचे चांदीचे छत? ते काढले हे खरे आहे. १७६० च्या ऑगस्टमध्ये किल्ला हाती आला तेव्हा फौजेचा पगार थकला होता, पुण्याहून पैसा येत नव्हता, दाणागोटा संपत आला होता. सदाशिवरावभाऊंनी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून तिचे रुपये पाडले. मराठी लेखकांनी पानिपताच्या ओघात या गोष्टीचे पुष्कळ समर्थन केले आहे. मला ते समर्थन करावेसे वाटत नाही. त्या दालनाची ती शोभा होती, ती गेली आणि परत आली नाही. आज तिथे दिसते ते रंगवलेले लाकडी छत १९११ च्या सुमाराचे आहे. पण या एका कृत्यावर सगळ्या वाड्याच्या विध्वंसाचा भार टाकायचा असेल तर शेजारच्या रंगमहालाचे छतही पाहावे लागेल. तेही मुळात चांदीचेच होते. सय्यद अहमद खान यांनी नोंदवल्याप्रमाणे फर्रुखसियर या मोगल बादशहानेच ती चांदी उतरवून तांबे बसवले आणि पुढे अकबरशहा दुसरा याच्या काळात तांब्याच्या जागी लाकूड आले. अडचणीतला सत्ताधीश घरातली चांदी मोडतो, मग तो मोगल असो वा मराठा. छत मोडल्याने दालन मोडत नाही. दिवाण-ए-खास १७६० नंतरही दिवाण-ए-खासच राहिले. १८५८ च्या जानेवारीत बहादुरशहावर खटला चालवायला इंग्रजांनी तेच दालन निवडले.

खटला संपला, बादशहाला रंगूनला पाठवले आणि मग वाड्याची पाळी आली. दिल्ली समूळ नष्ट करावी अशी मागणी तेव्हा उघडपणे होत होती. जॉन लॉरेन्ससारख्या काही अधिकाऱ्यांनी हात आवरायला लावला म्हणून जामा मशीद वाचली. किल्ल्यात नदीकाठची ओळ, नक्कारखाना, दिवाण-ए-आम, मोती मशीद एवढे ठेवले आणि उरलेल्या वाड्यातले बहुतेक सगळे उतरवून छावणी बसवली. ठेवलेल्या इमारतींनाही कामाला जुंपले. रंगमहाल अधिकाऱ्यांची मेस झाला, मुमताज महाल लष्करी तुरुंग. मोती मशिदीच्या घुमटांवरचे सोनेरी मुलाम्याचे तांबे गेले. आज दिसणारे पांढरे घुमट नंतरचे आहेत. दिवाण-ए-आममध्ये तख्तामागच्या भिंतीत रंगीत दगडांच्या जडावाचे फलक होते. त्यांत पक्षी, फुले आणि एकात चक्क ग्रीक पुराणातला वाद्य वाजवणारा ऑर्फियस. जॉन जोन्स नावाच्या कॅप्टनने त्यांतले फलक काढून नेले आणि आपल्याच सरकारला पाचशे पौंडांना विकले. ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात राहिले. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या आग्रहाने ते परत आले आणि मेनेगाट्टी या इटालियन कारागिराने १९०९ पर्यंत त्यांची डागडुजी पुरी केली.

हे लष्करी गरजेपोटी झाले, असे अजूनही म्हटले जाते. गरज होती हे मान्य करू. नुकतेच बंड झालेल्या शहरात फौजेला किल्ला हवा असणारच. किल्ल्याबाहेरची वस्ती, अकबराबादी मशिदीसह, तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून पाडली, यामागे निदान युद्धशास्त्र आहे. पण तटाच्या आत तोफांचा प्रश्न नव्हता. सुमारे अडीचशे एकरांच्या किल्ल्यात बराकींना जागा हवी होती, तर ती वाड्याच्या काळजातच हवी होती काय? आणि पाडण्याआधी मोजमाप का घेतले नाही? ज्या राजवटीने कोसा-कोसावर त्रिकोणमितीचे मनोरे उभारून हा देश मोजला, तिच्याकडे नकाशा काढणारा माणूस नव्हता असे म्हणणे हास्यास्पद होईल. इच्छा नव्हती. बादशाहीची आठवण पुसायची होती, आणि ज्याची आठवण पुसायची त्याचा नकाशा कोण ठेवतो?

कर्झनचे आणि त्याच्या काळातल्या पुरातत्त्व खात्याचे श्रेय मात्र मी नाकारत नाही. खात्याचा प्रमुख जॉन मार्शल आणि दिल्लीत प्रत्यक्ष काम पाहणारा गॉर्डन सँडरसन यांनी हयात बख्श बाग उकरली, पाट मोकळे केले, उरलेल्या इमारतींना आधार दिला. सँडरसनने जुने नकाशे आणि वर्णने ताडून किल्ल्यावर पुस्तक लिहिले. पुढे पहिल्या महायुद्धात तो १९१५ मध्ये मारला गेला. १९११ च्या दरबाराआधी किल्ल्यात गवत लावले तेव्हाही त्या आखणीमागे एक हिशेब होता. हिरवळ म्हणजे जुने चौक आणि झुडपांच्या रांगा म्हणजे त्या चौकांभोवतीच्या नाहीशा झालेल्या इमारती. ती लागवड म्हणजे जमिनीवर काढलेला नकाशाच होता. पण त्या हिशेबाची किल्ली पाहणाऱ्याच्या हाती कुणी दिली नाही. त्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांनी तटावरच्या झरोक्यातून जनतेला बादशाही थाटात दर्शन दिले, किल्ल्यात उद्यानभोजन झाले आणि गवताला राजेशाही बागेचा मान मिळाला. मोगल बागेत फळझाडे असत, फुलांचे ताटवे असत, सावली असे. उन्हात तापणारा कापलेल्या गवताचा सपाट गालिचा हा इंग्लंडच्या हवेचा शौक आहे. एका पिढीत झुडपांचा अर्थ विसरला गेला आणि हिरवळ मात्र मोगलांच्या नावावर चढली.

पुण्यात शनिवारवाड्याबाबत असा गोंधळ होत नाही. १८२८ च्या आगीत वाडा जळाला, पण आत गेलेल्या माणसाला जोती दिसतात. इथे दालन होते, इथे जिना होता, इथे कारंजे होते, हे पोरालाही कळते. काय गेले ते दिसते म्हणून काय होते याचा अंदाज बांधता येतो. लाल किल्ल्यात जोतीच मातीखाली गेली आणि वर गवत वाढले, त्यामुळे काही गेले आहे हेच कळत नाही.

मग बराकी पाडाव्यात का? अशी मागणी अधूनमधून होते. माझा तिला विरोध आहे. त्या बराकी कुरूप आहेत, वाड्याच्या छातीवर उभ्या आहेत, पण त्या आता स्वतःही इतिहास आहेत. नोव्हेंबर १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लों यांच्यावरचा खटला याच किल्ल्यातल्या बराकीत चालला. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याने २००३ पर्यंत किल्ला वापरला. आज त्यांतल्या काही बराकींत संग्रहालये आहेत आणि तो वापर योग्य आहे. शिवाय त्या पाडल्या तरी खालून शाहजहानचे चौक वर येणार नाहीत, आणखी एक मैदान तयार होईल आणि त्यावरही कुणी गवत लावील.

करता येण्यासारखे आहे ते याहून साधे आणि स्वस्त आहे. छत्ता बाजार संपतो तिथे, मैदान पहिल्यांदा दिसते त्या जागी, मजहर अली खानाच्या १८४६ च्या देखाव्यातला राजवाड्याचा भाग मोठ्या आकारात लावावा आणि शेजारी फर्ग्युसनकडे होता तसा जुना नकाशा. नक्कारखान्याच्या दोन्ही बाजूंना आणि दिवाण-ए-आमच्या चौकाभोवती गेलेल्या ओवऱ्यांच्या रेषा लाल दगडाच्या पट्ट्यांनी जमिनीवर आखाव्यात. सँडरसनने झुडपांनी जे केले तेच, पण वाचता येईल असे. दिवाण-ए-खासच्या फलकावर चांदीच्या छताबरोबर रंगमहालाच्या छताचीही हकिगत लिहावी. आणि प्रत्येक फलकावर, जिथे जिथे लागू पडेल तिथे, ‘ही इमारत १८५७ नंतर पाडली’ हे वाक्य असावे. किल्ला २००७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला आहे. त्या वारशात चौक नाहीत, हे निदान तिकीट काढून आत आलेल्या माणसाला सांगायला हवे.